आपा शेवट बघू देत नसे

आमच्या दाराबाहेर पुरुषाचे बूट असत. काळे, नाडीचे, मोठ्या मापाचे. आपा रोज सकाळी त्यांना पॉलिश करी आणि कालच्यापेक्षा थोडे वेगळे ठेवी, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की माणूस घालून जातो आणि येऊन काढतो. घरात पुरुष नव्हता. आम्ही सगळ्या बायका, आणि आमच्या चपला आत पलंगाखाली. दाराबाहेर बाईची चप्पल दिसता कामा नये, हा आपाचा पहिला नियम. एकदा चिपळूणवालीची बाहेर राहिली, तर आपाने ती उचलून कचऱ्यात टाकली आणि वर तिलाच विचारलं, "आता कामाला पायात काय घालून जाशील गो? बूट देऊ?"

ही शारजातली गोष्ट, नव्वदनंतरच्या वर्षांतली. रोला चौकाच्या मागच्या गल्लीत एका जुन्या बिल्डिंगमध्ये आपाने फ्लॅट भाड्याने घेतला होता आणि आत पलंग टाकून आम्हाला बेडस्पेस दिली होती. बेडस्पेस म्हणजे खोली नव्हे, पलंगापुरती जागा. पडदा ओढला की तुझं घर. असे पलंग भाड्याने देणं नियमात बसत नव्हतं. आम्हीही नियमात बसत नव्हतो. सगळ्या फ्री व्हिसावाल्या. व्हिसा एका अरबाबाच्या, म्हणजे तिथल्या मालकाच्या, नावावर आणि काम भलतीकडेच. मी नवरा वारल्यावर गेले होते आणि दोन-तीन हिंदुस्थानी घरांत पोळीभाजी करत होते. रस्त्यात पोलिसाची गाडी दिसली की आम्ही दुकानात शिरायचो, मग ते दुकान टायरचं का असेना.

आपा रत्नागिरीकडची, मुसलमान. उंच, वाळकी, मनगटात पुरुषी घड्याळ. बोले आमचंच मराठी, पण त्यात हिंदी आणि अरबी सांडलेलं. तिचं खरं नाव मला ठाऊक नव्हतं. तिलाही आमची नावं घ्यायची नसत. ती प्रत्येकीला गावाच्या नावाने हाक मारी. मी मुरूड. दुसरी चिपळूण. मी आल्या आल्या नाव सांगायला लागले, तर तिने माझ्या तोंडासमोर हात धरला.

"नको. उद्या मला धरून नेलं आणि विचारलं कोण कोण राहतं, तर काय सांगू? ठाऊकच नसलं म्हणजे बरं. गाव कुठलं?"

"मुरूड."

"मग मुरूड."

बेल वाजली की आपा दार उघडत नसे. दाराच्या भोकातून बघायची, घसा खरवडून जाड आवाज काढायची आणि "कोण है?" असं विचारायची. आम्ही आत श्वास धरून. बिल्डिंगचा नातूर, म्हणजे रखवालदार, केरळचा होता आणि मूर्ख नव्हता.

"साब किधर है?" तो विचारी.

"नमाज पढते हैं."

"कल भी पढते थे."

"तुम भी पढो. अच्छा है."

तो हसत जाई. तो जिना उतरेपर्यंत आपा दाराला पाठ लावून उभी राही. आम्हाला हसू यायचं, पण मोठ्याने हसायची बंदी होती, कारण एवढ्या बायका एकदम हसल्या तर बूट खोटे पडले असते. नवी बाई राहायला आली की पहिले दिवस आपाला वेडी म्हणे. मग तीही दबकं चालायला लागे. रोग लागावा तशी भीती लागते. मला लागली होती. आजही बेल वाजली की मी आधी गप्प बसते आणि मग उठते.

आमचे पासपोर्ट आपाकडे असत. तिने मागितले नव्हते, आम्हीच दिले होते. पलंगाखाली ठेवून चोरीला गेला तर काय करायचं? आपाची एक पत्र्याची पेटी होती आणि किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात. पासपोर्ट परत मिळे तो फक्त घरी जायच्या दिवशी, विमानाचं तिकीट दाखवून. तिकीट नाही, पासपोर्ट नाही. अरबाबाकडे व्हिसाच्या शिक्क्यासाठी न्यायचा झाला तर आपा स्वतः बरोबर येई, रिसेप्शनमध्ये बसून राही आणि परत आणी. तुम्ही म्हणाल हा जुलूम झाला. होता. पण बाहेर पासपोर्ट गेलेल्या बायका मी बघितल्या होत्या, म्हणून मी बोलत नसे.

आता कॅसेटचं सांगते.

आपा पूर्वी अबुधाबीत एका फ्रेंच कुटुंबात मूल सांभाळत होती. साहेब तेलाच्या कंपनीत इंजिनियर. मॅडमला पुस्तकाचा नाद, आणि त्यातही एका पुस्तकाचा. प्रेमाची गोष्ट होती. त्यांच्याकडे ती म्हणे घरोघर वाचतात. आपा इस्त्री करायची आणि मॅडम शेजारी बसून ती गोष्ट सांगायची, थोडं अरबीत, थोडं इंग्रजीत, उरलेलं हातांनी. आपाने ती पूर्ण ऐकली. पुढे सुट्टीत ते लोक आपाला मुलासाठी फ्रान्सला घेऊन गेले. तिथे त्याच गोष्टीचं नाटक लागलं होतं. आपा मुलाला मांडीवर घेऊन बसली, पण शेवटच्या अंकात मूल रडलं आणि तिला बाहेर जावं लागलं. "बाहेर उभी होते, तर आत टाळ्या," आपा सांगायची. "मरणावर टाळ्या वाजवतात ते लोक." देश सोडताना मॅडमने तिला सिनेमाची कॅसेट दिली. तीच गोष्ट, पडद्यावरची.

ती कॅसेट आपा तांदळाच्या डब्यात ठेवी. त्यात मुके होते, म्हणून ती पकडली जाईल अशी तिला धास्ती. शुक्रवारी दुपारी जेवणं झाली की ती हात कोपरापर्यंत तांदळात घाली, कॅसेट काढी, फुंकर मारी आणि आम्हाला टीव्हीसमोर बसवी. यायचं नसेल त्या बाईलाही. मी पुष्कळदा झोपा काढल्या, पण गोष्ट डोक्यात बसलीच.

मिठागरवाल्याची मुलगी. आई मेलेली, बाप तापट. गावात एक खलाशी येतो. दोघांचं जमतं. तो म्हणतो, मला स्वतःची होडी घ्यायची आहे, घेतली की तुला न्यायला येतो. ती आईचे दागिने त्याला देते. तो जातो. ती रोज धक्क्यावर जाऊन बसते. एवढीच गोष्ट. आमच्याकडे मुरुडात मिठागरंही आहेत आणि असे खलाशीही, त्यामुळे मला त्यात नवल वाटलं नाही. नवल होतं ते आपाचं. भाषा फ्रेंच, आम्हाला ओ की ठो कळत नव्हतं. मग आपा आवाज बारीक करून ठेवी आणि सगळ्यांची बोलणी स्वतः बोले. बापाला जाड आवाज, मुलीला बारीक.

"बाबा, मी त्याच्याशीच लगीन करीन."

"तंगडी तोडीन. मीठ कोण भरेल, तुझा आजा?"

फ्रेंच बाप टोपी घालून हात वर करतोय आणि आत आपाचं रत्नागिरीचं मराठी. मुका आला की ती ओढणी पसरून टीव्हीसमोर उभी राही. "हवा खा," म्हणे. चिपळूण मान वाकडी करून बघायचा प्रयत्न करी आणि आपा ओढणी तिच्या बाजूला ताणी.

आणि शेवट आला की बंद. मुलगी धक्क्यावर बसली आहे, धुकं आहे, कुठेतरी घंटा वाजते, आणि आपा उठून बटण दाबायची. "खलास."

"पुढे काय होतं?" नवी बाई हमखास विचारी.

"पुढचं बघायचं नसतं."

"पण येतो का तो?"

"येतो कशाला? दागिने मिळाले ना त्याला. तिकडे त्याचं घरदार असतं. ही बसून बसून म्हातारी होते आणि धक्क्यावरच थंडीने मरते. मॅडमने वाचून सांगितलंय मला."

मरण बघितलं की मागे लागतं, असं तिचं म्हणणं होतं. तिने स्वतःही ते कधी बघितलं नव्हतं. मॅडमच्या तोंडून ऐकलं, नाटकात बाहेर गेली, आणि कॅसेट दर वेळी तिथेच थांबवली. आपाच्या स्वतःच्या बाबतीत असं काही घडलं होतं का, ते मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही. विचारून दुसऱ्याची भानगड आपल्या डोक्यावर कोण घेतो?

मग देवरूख आली.

विशीतली मुलगी. गोरी, बोलकी, केसांना रोज निराळा चाप. एका अत्तराच्या दुकानात उभी राहायची. तिला आपाची भीती लागलीच नाही. ती जिन्यात गाणं म्हणे. नातूरला "गुड मॉर्निंग" म्हणे. आपा तिच्यावर सारखी ओरडायची आणि तिच्यासाठी माशाचा मधला तुकडाही ठेवायची. शुक्रवारी कॅसेट लागली की देवरूख अगदी पुढे बसे, तोंड उघडं टाकून. एकदा तिने विचारलं, "आपा, ती मेली हे तुम्ही बघितलं नाही ना?"

"सांगितलं ना, मॅडमने वाचलं."

"मग बघू या की एकदा."

"तोंड बंद कर."

थोड्या महिन्यांनी आम्हाला कळलं की तिला एक माणूस भेटतो. दुकानाला माल आणणाऱ्या व्हॅनचा ड्रायव्हर. आपल्याच बाजूचा, कोल्हापुराकडचा, असं ती म्हणे. मी त्याला एकदा समोरच्या सरबताच्या दुकानापाशी बघितला. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. चांगला दिसत होता. वाईट माणूस वाईट दिसला असता तर जगात काय हवं होतं?

एका गुरुवारी कामावरून आल्यावर देवरूख आपाच्या पलंगापाशी उभी राहिली. मी कांदा चिरत होते. चिपळूण तिच्या पडद्याआड.

"आपा, माझा पासपोर्ट हवाय."

"तिकीट?"

"तिकीट नाही. गाडीने जायचंय. मस्कतला."

आपाने घड्याळाला किल्ली द्यायची थांबवली. "मस्कतला काय आहे?"

"त्यांना तिथे नोकरी लागली आहे. तिथे मंदिर आहे, तिथे लग्न लावायचं. माझ्या व्हिसाचं ते करणार आहेत. म्हणून पासपोर्ट आधी त्यांच्याकडे द्यायचाय."

"त्यांच्याकडे."

"हो."

"त्यांचा पासपोर्ट तू बघितलास?"

"मी कशाला बघू?"

"नाव खरं आहे का ते तरी? घरी कोण आहे? गाव बघितलंस?"

"तुम्हाला माझं नाव तरी ठाऊक आहे का, आपा?" देवरूख म्हणाली.

मी कांदा चिरायची थांबले. आपाला कुणी असं बोलत नसे. आपाने किल्लीचा दोरा ओढणीखाली सारला. नुसतं म्हणाली, "तिकीट नाही, पासपोर्ट नाही. खलास."

आम्हाला भीती कसली होती ते सांगते, म्हणजे कुणाला आपा उगाच आडवी गेली असं वाटायला नको. बाईचा पासपोर्ट एकदा दुसऱ्याच्या खिशात गेला की ती बाई त्याची. सीमेपलीकडे नेऊन तिला कुठल्या घरात ठेवतील, कुणाच्या हवाली करतील, कुणाला पत्ता लागत नाही. आमच्याच बिल्डिंगमधली एक तेलुगू बाई अशीच लग्नाला म्हणून गेली होती. तिची बॅग वर्षभर तिच्या मैत्रिणीच्या पलंगाखाली पडून होती. मग मैत्रिणीने त्यातले कपडे वापरायला काढले.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. जेवणं झाल्यावर आपाने तांदळातून कॅसेट काढली आणि म्हणाली, "आज पूर्ण बघायचं. मरेपर्यंत."

चिपळूण म्हणाली, "नको आपा, मागे लागतं म्हणालात ना?"

"लागू दे. हिला बघू दे, दागिने दिलेल्या बायकांचं काय होतं."

ती देवरूखला हाताला धरून पुढे बसवून स्वतः टीव्हीच्या बाजूला उभी राहिली. त्या दिवशी मी झोपले नाही. आपाने मुलीचा आवाज काढला, बापाचा काढला. खलाशाचे बोल तर ती इतके गोड करून बोलली की मलाच त्या माणसाचा राग आला. दागिने दिले. होडी गेली. मुलगी धक्क्यावर बसली. धुकं आलं. घंटा वाजली. आपाचा हात सवयीने बटणाकडे गेला, आणि तिने तो मागे घेतला.

पुढे तिला बोलणी येत नव्हती, कारण पुढचं तिने बघितलंच नव्हतं. ती गप्प झाली. टीव्हीतली फ्रेंच भाषा त्या घरात पहिल्यांदा नीट ऐकू आली.

धुक्यातून होडी आली. होडीत तोच. दाढी वाढलेली, एका हाताला फडकं गुंडाळलेलं. मुलगी उठून उभी राहिली. तो धक्क्यावर चढला आणि तिने त्याच्या तोंडात एक चपराक मारली, आणि मग गळ्यात पडली. बाजा वाजला. नावं वर सरकायला लागली.

आपा ओढणी पसरायची विसरली.

"आला!" देवरूख ओरडली. रडतही होती आणि हसतही होती. "आपा, आला तो!"

"हे खोटं आहे," आपा म्हणाली. "पुस्तकात येत नाही."

"पुस्तक कुणी बघितलंय? हे डोळ्यांनी बघितलं."

"मॅडमने मला सांगितलं. मरते ती."

"मग ह्यांनी कशाला आणला त्याला?"

"सिनेमावाले आहेत. तिकिटं खपवायची असतात."

"आणि नाटकात टाळ्या वाजल्या त्या?"

आपाने कॅसेट मागे घेतली आणि पुन्हा लावली. पुन्हा धुकं, पुन्हा घंटा, पुन्हा होडी. जणू दुसऱ्यांदा तो यायचा नव्हता. तिसऱ्यांदा मागे घ्यायला लागली तेव्हा मीच टीव्हीचं बटण दाबलं. म्हटलं, "आपा, पुरे. आला तो आला."

पोरीला घाबरवायला दाखवायला गेली आणि तिच्या हातात तलवार दिली. सारी वर्षं शेवट झाकून ठेवला नसता तर तिला आधीच कळलं असतं की काय दाखवायचं आणि काय नाही.

शनिवारी सकाळी देवरूखने बॅग भरली. पडद्यामागून चेन लावल्याचा आवाज आम्ही ऐकला. मग ती बाहेर येऊन सरळ बोलली.

"पासपोर्ट द्या. नाहीतर मी पोलिसांत जाते. दुसऱ्याचा पासपोर्ट दाबून ठेवणं गुन्हा आहे. ह्यांनी सांगितलंय मला."

पोलीस म्हणजे पेटी उघडणार, सगळे पासपोर्ट बघणार, सगळ्यांचे अरबाब शोधणार. मग आम्ही सगळ्या आधी कोठडीत आणि तिथून विमानात. मुरुडात माझं घर अर्धं बांधून उभं होतं, वर पत्रे नव्हते. चिपळूण तर रडायलाच लागली.

"आपा, द्या तिला," मी म्हटलं. "तिचा आहे. ती जाणार, मरणार, काय करायचं ते करणार. आपण सगळ्यांनी कशाला मरायचं?"

मी हे म्हटलं, आणि आज विचाराल तरी हेच म्हणेन. मला माझी पोरं होती.

आपा पेटीवर बसली. नुसती बसली. तिच्या खाली पेटीचा पत्रा वाजत होता. आयुष्यभर नातूरला भ्यायलेली बाई. पण उठली नाही.

"जा पोलिसांत," ती देवरूखला म्हणाली. "जा. मी इथेच आहे."

देवरूख बॅग घेऊन गेली. जिन्यात तिची पावलं वाजली आणि ह्या वेळी गाणं नव्हतं.

तो दिवस आम्ही कसा काढला ते आम्हालाच ठाऊक. कामावर कोणी गेलं नाही. पंखा बंद, कारण पंख्याचा आवाज बाहेर जातो असं आपाला वाटलं, आणि उन्हाळा होता. मी कपडे पिशवीत भरले, पुन्हा काढले. खाली गाडीचं दार आपटलं की सगळ्या एकमेकींकडे बघायचो. चिपळूणने देवाचं नाव घेतलं, आपाने तिच्या देवाचं. मी कुणाचंच घेतलं नाही, मी पावलं ऐकत होते.

दुपार कलताना बेल वाजली. आपाने भोकातून बघितलं. देवरूख होती, एकटी. घामाने ओली, बॅग नाही.

"बॅग कुठे?" आपाने विचारलं.

"गाडीत. ते खाली थांबलेत." ती पोलिसांत गेलीच नव्हती. "मी त्यांना सांगितलं, पासपोर्ट मिळत नाही. ते म्हणाले, एकदा हात जोडून माग, मी थांबतो." आणि तिने खरंच हात जोडले. "आपा, ते थांबलेत. पळून जाणारा थांबेल का?"

आपा तिच्याकडे बघत राहिली. मग किल्लीचा दोरा गळ्यातून काढला. मला वाटलं आता देते.

"त्याला वर बोलव," आपा म्हणाली. "आमच्याकडे मुलगी अशी रस्त्यावरून नेत नाहीत. वर येऊ दे, चहा घेऊ दे. येताना स्वतःचा पासपोर्ट घेऊन ये म्हणावं. मी त्याचा बघते, त्याच्या घरचा नंबर घेते, फोन लावते. मग तुझा तुझ्या हातात देते. त्याच्या नाही, तुझ्या. अल्लाची शपथ."

"येतील," देवरूख म्हणाली. "का नाही येणार?"

"मुरूड, चहा टाक."

मी चहा टाकला. देवरूख धावत खाली गेली, दार उघडंच टाकून. आपाने ते लावलं नाही. पहिल्यांदाच ते दार उघडं राहिलेलं मी बघितलं. चहाला उकळी आली. मग मी न राहवून गॅलरीतून वाकून बघितलं.

सरबताच्या दुकानासमोर देवरूख उभी होती. व्हॅन नव्हती. गल्लीच्या तोंडाशी पोलिसांची गाडी लागली होती. दोन पोलीस सरबत पीत होते, बाकी काही नाही. देवरूखची बॅग फुटपाथवर ठेवलेली होती. फेकलेली नव्हे, भिंतीला टेकवून नीट ठेवलेली.

तो का गेला? वर ये, पासपोर्ट दाखव, हा निरोप त्याला पोचलाच नव्हता. पोलिसांची गाडी बघून गेला असेल तर मीही गेले असते. तोही फ्री व्हिसावालाच. चोर असेल तर बॅग उतरवून का ठेवेल? आणि सज्जन असेल तर नंतर फोन का नाही केला? कदाचित त्याला धरलंही असेल. दुकानात त्यानंतर माल आणायला दुसराच ड्रायव्हर आला आणि त्याला काही ठाऊक नव्हतं. मी हे पुष्कळ वेळा उलटंपालटं करून बघितलं आहे. जमत नाही.

देवरूख वर आली, पलंगावर बसली आणि पडदा ओढला. ती आणखी काही महिने राहिली. काम करी, जेवी, सरबताच्या दुकानापाशी थांबून मग वर येई. आपाशी एक शब्द बोलत नसे. मग तिच्या घरून लग्नाचं ठरवून बोलावणं आलं. तिने तिकीट आणलं आणि आपासमोर धरलं. आपाने पेटी उघडून पासपोर्ट दिला.

"तो आला असता, आपा," देवरूख म्हणाली. "तुम्ही सकाळीच दिला असतात तर आम्ही दुपारी मस्कतला असतो."

"किंवा तू कुठे असतीस?" आपा म्हणाली.

"ते तुम्हाला कधीच कळणार नाही. मलाही नाही." आणि ती गेली. तिचं पुढे बरं चाललं असं ऐकलं, मुलं झाली. तिने आपाला पत्र कधी पाठवलं नाही.

आपा त्यानंतर बदलली. ओरडायची कमी झाली. बूट पॉलिश करायची विसरू लागली. एखादी व्हॅन समोर थांबली की गॅलरीत जाऊन ड्रायव्हरचं तोंड बघे. कधी मला मधेच विचारी, "बॅग नीट ठेवली होती ना गो? टेकवून?" मी म्हणे, "हो." मग ती पुन्हा गॅलरीत जाई. पूर्वी तिला पोलिसांची भीती होती, नातूरची होती, आणि अशा भीतीवर दार लावता येतं. ही नवी भीती कशाची होती, ते तिने कधी सांगितलं नाही, पण मला दिसत होतं.

पुढे ती बिल्डिंग पाडायला काढली. आपा रत्नागिरीला परत गेली, भावाकडे. मी अबुधाबीत एका मराठी कुटुंबात राहून स्वयंपाकाला लागले. एव्हाना मोबाइल आले होते, पण माझ्याकडे नव्हता. एका सकाळी घरातली मुलगी ओरडली, "आंटी, समवन फॉर यू!" आणि तिने फोन माझ्या पिठाच्या हातात दिला.

आपा होती. आवाज इतका बारीक झाला होता की आधी ओळखला नाही. आजारी होती. तब्येत विचारली तर म्हणाली, "ते सोड. मुरूड, देवरूखच्या त्या माणसाला तू बघितलं होतंस. खरं सांग. तो कसला होता?"

मला खोटं बोलायची सवय नाही. तोंडावर बोलते म्हणून माझी दोन घरं सुटली आहेत. मी पोळपाटावरच्या पोळीकडे बघितलं.

"चोर होता," मी म्हटलं. "मी त्याला दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मुलीबरोबर बघितला. बाजारात. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

पलीकडे तिचा खोकला ऐकू आला.

"खोटं बोलतेस तू," आपा म्हणाली.

तवा तापून धूर यायला लागला होता. मला वाटलं, तिने फोन ठेवला.

"पुन्हा सांग," आपा म्हणाली.

मी पुन्हा सांगितलं.